एकच इंजिन, आणि हवेत काही बिघडलं तर?

राम राम दादा. तुमची मुलगी पायलटच्या ट्रेनिंगला खान्देशात येतेय. विमान चार सीटचं, इंजिन एकच. म्हणून तुम्ही विचारलंय की हवेत अचानक काही बिघडलं तर विमान दगडासारखं खाली येतं का, आणि एकोणीस वर्षांच्या पोरीने त्या वेळी करायचं काय.

मी अमळनेर तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या घरचा. इथल्याच एका धावपट्टीवर शिकलो, आता शिकवतो. माझ्या वडिलांनीही हाच प्रश्न विचारला होता, म्हणून सविस्तर लिहितो.

दगडासारखं येत नाही. इंजिन बंद पडलं तरी पंख पंखच राहतात. ट्रेनिंगला बहुतेक ठिकाणी असतं ते सेसना १७२. त्याचं नाक बेताने खाली ठेवून साधारण ६५ नॉट (ताशी १२० किलोमीटर) वेग धरला की ते हजार फूट उतरेपर्यंत पावणेतीन किलोमीटर पुढे जातं. म्हणजे जमिनीपासून ३,००० फुटांवर इंजिन गेलं, तर वारा नसताना आठ किलोमीटरचा टप्पा आणि चारेक मिनिटं हातात असतात. चार मिनिटांत खूप काही करता येतं, फक्त डोकं जाग्यावर पाहिजे.

माझं डोकं एकदा जाग्यावर नव्हतं, ते सांगतो. इंजिन ठणठणीत होतं, बिघाड झाला होता सुपारीएवढ्या मातीचा.

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला दिवस होता. माझे तीसेक तास झालेले, एकट्याने सर्किट, म्हणजे उडून धावपट्टीभोवती चक्कर आणि परत उतरणं, मारायची होती. उड्डाणाआधी विमानाभोवती फिरून सगळं हाताने-डोळ्याने तपासायचं असतं, ते मी केलं. डाव्या पंखाखाली बोटाएवढी एक नळी असते, पिटो ट्यूब. समोरून येणारी हवा तिच्यात शिरते आणि त्या दाबावरून वेगाचा काटा हलतो. विमान उभं असताना तिच्यावर कापडी टोपी घालतात. त्या दिवशी टोपी नव्हतीच. मी उभ्या उभ्या नजर टाकली, वाकून आत पाहिलं नाही.

रनवेवर धावताना वेगाचा काटा हलला का ते बघायचं आणि हलला नाही तर तिथेच थांबायचं, हे पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं. मी त्या क्षणी सरळ रेषेत राहण्यात गुंतलो होतो. विमान आपसूक उचललं गेलं आणि मी निघालो.

वर जाताना काट्याकडे लक्ष गेलं. ८० दाखवत होता, म्हणजे ठीक. पाचशे फुटांवर १०५. म्हटलं, नाक फार खाली राहिलंय, म्हणून थोडं वर घेतलं. काटा १२० वर गेला. अजून वर घेतलं. काटा १३० च्या पुढे, सावध करणाऱ्या पिवळ्या पट्ट्यात. हे विमान सरळ उडतानासुद्धा एवढा वेग गाठत नाही, चढताना कुठून गाठणार? पण हे आज सुचतंय. तेव्हा मी त्या एका काट्याकडे बघत होतो आणि हात स्टिअरिंग मागे ओढत होते.

तेवढ्यात डाव्या कानाशी भोंगा वाजायला लागला. बारीक, पिपाणीसारखा. तो सांगतो की वेग फार कमी झालाय, विमानाला वर धरणारी पंखांची उचल सुटत चाललीय. काटा म्हणतो वेग जास्त, भोंगा म्हणतो वेग कमी. स्टिअरिंग हातात ढिलं लागत होतं, वाऱ्याचा आवाज बसला होता आणि समोरच्या काचेत नुसतं आभाळ होतं, जमीन नव्हती. त्या दिसत नसलेल्या जमिनीने मला भानावर आणलं. मी नाक खाली ढकललं, क्षितिज काचेत नेहमीच्या जागी आणलं. भोंगा थांबला.

मग रेडिओवर सांगितलं की वेगाचा काटा खोटं बोलतोय. माझे इन्स्ट्रक्टर सर खालून बघतच होते. ते एवढंच म्हणाले, "तो काटा विसर. नाक क्षितिजावर, आरपीएम हातात. मी बघतोय." मी गुडघ्यावरच्या पॅडचा कागद फाडला आणि त्या तबकडीच्या कडेत खोचून ती झाकून टाकली. झाकल्यावर जे हलकं वाटलं ते अजून आठवतं.

पुढचं सगळं पाठ केलेलं होतं. अमुक आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) आणि अमुक ठिकाणी नाक म्हणजे साधारण किती वेग, हे सर्किट मारून मारून अंगात बसतं. सरळ उडताना २,२०० आरपीएम, उतरायला वळल्यावर १,५०० आणि फ्लॅप, म्हणजे हळू उतरता यावं म्हणून पंखांच्या मागच्या पट्ट्या खाली. मी थोडी पॉवर जास्त ठेवली, थोडा लांब उतरलो, पण नीट उतरलो.

मेकॅनिकने नळी सोडवून बारीक तारेने आतलं कोरून काढलं. आधी वाळलेली माती आली. मग एक हिरवी अळी, सुतळीच्या तुकड्याएवढी, मऊ, अजून जिवंतच. कुंभारीण माशीचं घर. आपल्याकडे देवळीत, तुळईच्या खाचेत असतं तेच. अळीला डंख मारून सुन्न करते, पिल्लांसाठी आत ठेवते आणि वरून चिखलाने तोंड लिंपते. चार दिवसांच्या सुट्टीत तिला ती नळी आयती मिळाली.

काटा चढत का गेला, तेही समजून घ्या. नळीचं तोंड बंद झालं तेव्हा जमिनीवरची हवा आत कोंडली गेली. विमान वर गेलं तशी बाहेरची हवा विरळ झाली, आतली होती तशीच राहिली. यंत्र दोन्हींमधला फरक मोजतं आणि त्यालाच वेग म्हणतं. वेगाचा काटा उंचीचा काटा होऊन बसला होता.

हे फक्त शिकाऊ पोरांच्या बाबतीत होतं असं समजू नका. ६ फेब्रुवारी १९९६ ला डॉमिनिकन रिपब्लिकमधून उडालेलं बोइंग ७५७ समुद्रात कोसळलं, १८९ माणसं गेली. विमान काही आठवडे उभं होतं, आणि चौकशीत निघालं ते बंद झालेली पिटो ट्यूब, बहुधा अशाच मातीचं घर करणाऱ्या माशीमुळे. कॅप्टन अनुभवी होता. त्याच्याही समोर एक काटा जास्त वेग सांगत होता, आणि हाताखाली स्टिअरिंग थरथरून कमी वेगाचा इशारा देत होतं.

म्हणून मी मुलांना सारखं एकच सांगतो: आधी विमान उडव. बिघाड सगळं लक्ष स्वतःकडे ओढून घेतो, आणि माणसं बहुतेक त्यातच फसतात. दार उघडण्याचंच बघा. सेसनाचं दार नीट लागलं नसेल तर हवेत धाडकन उघडतं, वारा घुसतो, कागद उडतात, काळजाचा ठोका चुकतो. पण वाऱ्याच्या जोराने ते चार बोटांपेक्षा फारसं उघडत नाही आणि विमान छान उडत राहतं. ७५ नॉटला विमान स्थिर करायचं, दार थोडं बाहेर ढकलून जोरात ओढायचं. नाही लागलं तर तसंच येऊन उतरायचं. दार पकडायला वाकून स्टिअरिंग सोडलं, तर मात्र साध्या गोष्टीचा अपघात होतो.

इंजिन गेलं तरी क्रम तोच. आधी ६५ नॉट. मग उतरायची जागा. मग कारण शोधायचं: इंधनाचा खटका दोन्ही टाक्यांवर आहे ना, कार्ब्युरेटरची गरम हवा दिली का, मिक्स्चर (इंधन-हवेचं प्रमाण), मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारं यंत्र). त्यानंतर रेडिओवर तीनदा मेडे, म्हणजे संकटाची हाक. टेकण्याआधी इंधन बंद, मास्टर स्विच बंद आणि दारं किलकिली करून ठेवायची, म्हणजे धक्क्याने अडकत नाहीत.

जागेच्या बाबतीत मात्र शेतकऱ्याच्या पोराला जे कळतं ते पुस्तकात नसतं. तुमच्या मुलीने ते एखाद्या रविवारी बांधावर उभं राहून शिकावं. रावेर-यावलकडची केळीची बाग वरून मैदानासारखी सपाट दिसते, पण ती दोन पुरुष उंच, पाण्याने भरलेल्या खोडांची रांग असते. पावसाळ्यात काळ्या रानात पुढचं चाक रुततं आणि विमान पालथं होतं. एप्रिल-मेमधलं नांगरलेलं रान तेवढंच वाईट, ढेकळं दगडासारखी असतात. सगळ्यात बरं ते गहू-हरभरा काढलेलं रान, आणि तेही तासांच्या दिशेने, आडवं नाही. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, म्हणून खांब शोधायचे. विहीर शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही, पण जिथे एकटं दाट झाड आणि मोटरची खोली आहे तिथे ती असणार असं धरायचं. वारा कुठला ते ट्रॅक्टरच्या धुळीवरून, वीटभट्टीच्या धुरावरून कळतं. उडताना मी आजही दर दोन मिनिटांनी मनात एक शेत निवडून ठेवतो.

सगळं ठीकच होतं असं सांगून तुमची फसवणूक करणार नाही. जुलै २०२१ मध्ये चोपडा तालुक्यात वर्डीजवळ सातपुड्याच्या रानात ट्रेनिंगचं विमान पडलं. इन्स्ट्रक्टर गेले, शिकणारी मुलगी जखमी झाली. चिखलातून गाडी जाईना, तेव्हा तिथल्या एका आदिवासी बाईने अंगावरचं लुगडं सोडून दिलं, त्याची झोळी करून लोकांनी मुलीला खाली आणलं. हे मी प्रत्येक बॅचला सांगतो, लपवत नाही. धोका खरा आहे आणि त्याला आपण तयारीने सामोरं जातो.

तुम्ही काय करू शकता? ट्रेनिंगची जागा निवडताना फीसोबत हेही विचारा की विमानं उघड्यावर उभी असतात की हँगरमध्ये, पिटोच्या टोप्या जागेवर असतात का, मेकॅनिक तिथेच राहतो की बाहेरून येतो. आणि मुलगी घरी आली की तिला अवघड प्रश्न विचारा: आज विमान तपासताना काय चुकलं? ती बोलू शकली पाहिजे, तुम्ही रागावणार नाही याची तिला खात्री पाहिजे. त्या दिवशी मी वडिलांना फोन केला तेव्हा ते शेतात पाणी भरत होते. "काय व्हयनं रे?" एवढंच म्हणाले आणि मोटर बंद करून अर्धा तास ऐकत राहिले. दुसऱ्या दिवशी मी परत उडालो, त्याआधी त्या नळीसमोर गुडघे टेकून मोबाईलचा टॉर्च आत मारला.

तिच्या पहिल्या सोलोच्या, म्हणजे एकटीने उडण्याच्या, दिवशी फोन करू नका. उतरली की तीच करेल.