बडोद्याजवळ लहान मुलीला आणि आईला झेपेल अशी, डोंगरावरच्या शांत तळ्यापर्यंतची सोपी वाट कुठली?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून बदली होऊन बडोद्याला आलात, इथे जिकडे बघावं तिकडे सपाट, आणि रविवारी सह्याद्रीत जायची सवय सुटत नाही. मुलगी आठ वर्षांची, आई अडुसष्टच्या. दोघींना जमेल अशी छोटी वाट हवी, शेवटी निवांत बसायला तळं हवं आणि गर्दी नको. शेवटी तुम्ही अशी तळटीपही दिली आहे की 'पावागड सोडून सांगा, तिथे जत्रा असते.'

मी पावागडच सांगणार आहे.

जत्रा असते, खरं आहे. पण ती एका रेषेत असते. माची म्हणजे डोंगराच्या मध्यावरचा, गाडीरस्ता संपतो तो टप्पा, मग रोपवे, दोन्ही बाजूंनी चुनरी-प्रसादाची दुकानं, पायऱ्या, कालिकामातेचं दर्शन आणि त्याच वाटेने परत. २०२२ मध्ये मंदिराचं नवं बांधकाम झाल्यापासून ही रेषा आणखी जाड झाली आहे. पण ती रुंद होत नाही. रोपवेच्या वरच्या टोकाला जे पठार आहे, मौलियाचं पठार म्हणतात त्याला, तिथे तेलिया, छासिया आणि दुधिया अशी तीन तळी आहेत. लोक शेजारून जातात, दुधियाकडे चालता चालता बघतात, फोटो काढतात आणि पुढे सरकतात. बाकीच्या दोघांकडे तर तेवढंही नाही.

छास म्हणजे ताक हे एव्हाना तुम्हाला कळलंच असेल, इथे जेवणाबरोबर पाण्याआधी तेच येतं. म्हणजे तेलाचं तळं, ताकाचं तळं, दुधाचं तळं. पठाराच्या कडेला नवलखा कोठार आहे, ते धान्याचं. आमच्या सासूबाई पहिल्यांदा वर आल्या तेव्हा म्हणाल्या, "अगं, हे तर कुणाचं तरी स्वयंपाकघर आहे!" थट्टेत म्हणाल्या, पण किल्ल्याचं मर्म त्यातच आहे. गुजरातचा सुलतान महमूद बेगडा या गडाला वेढा घालून बसला आणि गड हाती यायला त्याला जवळजवळ वीस महिने लागले, १४८४ उजाडलं. वर पाणी आणि दाणा असल्याशिवाय कोण एवढे दिवस तग धरेल? पावसाचं पाणी खडकात अडवून साठवायचं, तेही वेगवेगळ्या उंचीवर, म्हणजे एक आटलं तरी दुसरं हाताशी. पुढे १५३५ मध्ये हुमायूनने कड्यात लोखंडी खिळे ठोकून रातोरात माणसं वर चढवली तेव्हा तो गड पुन्हा पडला. खालून तो कडा नीट बघा आणि मग मुलीला ही गोष्ट सांगा. माझ्या भाच्याने त्यानंतर आठवडाभर घरच्या भिंतीकडे संशयाने पाहिलं.

आता वाट. बडोद्याहून हालोलमार्गे पायथा पन्नास किलोमीटरच्या आसपास, सकाळी तासभर लागतो. पायथ्याचं गाव चांपानेर, तिथून घाटरस्त्याने माची. गर्दीच्या दिवशी खासगी गाड्या खालीच थांबवतात आणि माचीपर्यंत एसटीने जावं लागतं. होय, इथेही एसटीच म्हणतात, घरी आल्यासारखं वाटेल. माचीवरून आईंना रोपवेने वर न्या. गुडघे चांगले असले तरी न्या, कारण चढणीच्या पायऱ्या त्याच रेषेतल्या आहेत, त्यात सुख काही नाही. चालायचं ते वर चाला. तुम्हाला स्वतःला पाय मोकळे करायचेच असतील तर येताना एकट्याने माचीपर्यंत उतरा, तासाभराचं काम आहे.

वर बाहेर पडलात की दुकानांची रांग लागेल. तिथे थांबून कुणालाही विचारा, "छासिया तळाव कई बाजु?" दुकानदार वर बघेल आणि हमखास म्हणेल, "त्यां तो कंई नथी." तिथे काही नाही. ज्या जागेला हे प्रशस्तिपत्र मिळतं ती जागा तुम्हाला हवी आहे. त्याने हात दाखवला की त्या बाजूला निघा.

छासियाच्या काठावर लकुलीशाचं देऊळ आहे, दहाव्या-अकराव्या शतकातलं. या डोंगरावरची सगळ्यात जुनी उभी वास्तू तीच. कळस गेलेला, मंडपाचे दगड मात्र जाग्यावर. दुरून पाहिलं तर पडकं घर वाटतं, म्हणून लोक जात नाहीत. जवळ जा आणि बाहेरच्या भिंतीला नाक लागेल इतकं जवळ उभं राहा. दगड उन्हापावसाने इतका झिजलाय की मूर्तींचे चेहरे साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत झालेत, पण हातापायांची वळणं अजून शाबूत आहेत. सकाळी तिरपं ऊन भिंतीवर येतं तेव्हा ती वळणं उठून दिसतात, दुपारी बाराला काहीच दिसत नाही. लकुलीश म्हणजे हातात लकुट, दंड, घेतलेला शिव. शिवाचा अवतार मानलेला, पाशुपत या शैव पंथाचा हा आचार्य आपल्या डभोईजवळच्या कायावरोहणचा, अशी परंपरा आहे. म्हणजे गाववालाच म्हणा ना.

देवळाच्या शेजारीच पाणी. हिमालयातल्या निळ्याशार तळ्याची अपेक्षा घेऊन जाऊ नका. हे गडावरचं तळं आहे, पाणी हिरवट, काठाला दगड, पलीकडे झुडपं आणि वर आभाळ. चतुर मात्र भरपूर. आमचा भाचा एका दगडावर बसून वीस मिनिटं एकच चतुर बघत होता. तो उडायचा, गोल फिरायचा आणि पुन्हा त्याच काडीच्या त्याच टोकावर येऊन बसायचा. भाच्याने काडी हलवून बघितली, तरी टोक तेच. वरून मंदिराची घंटा ऐकू येते, लाउडस्पीकरवर गरबाही कधीकधी ऐकू येतो, पण पाण्यापर्यंत येईस्तोवर त्याची धार गेलेली असते. शांत म्हणजे अगदी चिडीचूप नव्हे, एवढं मान्य असेल तर जागा उत्तम आहे.

इथेच एक चूक आमच्या हातून झाली, ती तुम्ही करू नका. काठाच्या पायऱ्या पाण्याखाली आणखी खाली उतरत जातात आणि पाण्याखालच्या पहिल्याच पायरीवर शेवाळ असतं. दिसत नाही, कारण पाणीही त्याच रंगाचं. भाच्याने पाय बुडवायला एक पाऊल टाकलं आणि सरकला. मी दंड धरला म्हणून गुडघ्यापर्यंतच भिजला, पण एक चप्पल गेली. ती काही तरंगली नाही. मग दुकानांपर्यंत त्याला माझ्या मिस्टरांनी खांद्यावर आणलं, तिथे त्याच्या मापाची चप्पल मिळेना, शेवटी दोन नंबर मोठी घेऊन मागे नाडी बांधली. तेव्हा मुलीला बूट घाला आणि पाय पाण्यात बुडवायची सूट अजिबात देऊ नका. कोरड्या पायऱ्यांवर बसूनही तितकंच छान वाटतं.

छासियावर मन भरलं की दुधियाकडे वळा. हे मोठं आहे आणि मंदिराकडच्या वाटेला लागूनच, म्हणून वर्दळ आहे. पण तळ्याचे सगळे काठ काही वाटेवर नाहीत, पलीकडे गेलात की माणसं विरळ होतात. जैन मंदिरंही याच भागात आहेत, दगडावरची जुनी कोरीव नक्षी बघायला थांबावं अशी. तिथून पुढे नवलखा कोठार. घुमटांचे अवशेष, जाड भिंती आणि पलीकडे सरळ दरी. आईंना इथपर्यंत आणायचा आग्रह धरू नका, वाट खडबडीत आहे. मुलीला आणा, पण हात सोडू नका. सावकाश गेलात तरी हे सगळं मिळून चालणं तासाभराचं आहे, उरलेला वेळ बसायचा.

तुम्ही सह्याद्रीतले, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते. पायाखाली बघत चला. खालचा दगड तुमच्या ओळखीचा, काळा बेसाल्ट. पण वरचा थर वेगळा, फिकट रंगाचा रायोलाइट. हाही लाव्हाचाच, पण घट्ट आणि सहजी न झिजणारा. म्हणूनच आजूबाजूचं सगळं झिजून सपाट झालं आणि हा एकटा सुमारे ८०० मीटरचा डोंगर मैदानात उभा राहिला. सपाटीबद्दल तुमची तक्रार आहे ना, तिचं उत्तर या दगडात आहे.

आणि आणखी एक. आपल्या बडोद्यातून वाहणारी विश्वामित्री याच डोंगरातून निघते. सयाजीबागेच्या पुलावरून खाली बघताना जी मगरीवाली, गढूळ, पावसाळ्यात धडकी भरवणारी नदी दिसते, तिचं माहेर हे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा तुम्ही इथे नव्हता. आमच्या गल्लीत कमरेएवढं पाणी होतं आणि सगळे एकमेकांना एकच विचारत होते, "पावागडला पाऊस थांबला का?" त्यानंतर पहिल्यांदा वर गेले तेव्हा धारांनी ओल्या झालेल्या कड्याकडे मी थोडी रागानेच बघत होते, असं म्हटलं तर चालेल.

मराठी माणूस म्हणून उत्सुकता असेलच: गड गायकवाडांचा नव्हे, ग्वाल्हेरच्या शिंद्यांचा होता. १८०३ मध्ये इंग्रजांनी घेतला, लगेच पुढच्या वर्षी परत केला आणि पुढे १८६१ मध्ये, गड ज्यात येतो तो पंचमहालचा मुलूख कायमचा त्यांच्याकडे गेला. बडोद्याच्या एवढ्या जवळ असून बडोद्याचा नाही, याचं आमच्या जुन्या लोकांना थोडं शल्य असायचं.

दिवस नीट निवडा, सगळं त्यावर आहे. रविवार नको. नवरात्र नको, चैत्रातलंही नको. आणि पौर्णिमा अजिबात नको. इथे 'पूनम भरायची' पद्धत आहे, म्हणजे दर पौर्णिमेला दर्शनाला यायचा नेम. आम्हाला हे लग्नाला बावीस वर्षं होऊनही लक्षात राहिलं नाही. एका पौर्णिमेला रोपवेच्या रांगेत तीन तास उभे राहिलो, मिस्टर तेवढ्यात दोनदा माचीवर भाजलेली मकई खाऊन आले आणि आम्ही वर न जाताच परतलो. कालनिर्णय बघूनच निघा. मधल्या वारी रजा काढता आली तर सकाळी साडेसहाला घर सोडा, नऊच्या आत तळ्यावर असाल. ऑगस्टअखेर ते जानेवारी हा चांगला काळ. जुलैत ढगच पायऱ्यांवर उतरतात, दिसायला सुंदर, पण आईंसाठी निसरडं. उन्हाळ्यात पाणी खाली जातं आणि काठाचा चिखल उघडा पडतो, तेव्हा जाण्यात मजा नाही.

खायला घरून न्या. थेपले आणि कोरडी भाजी, वर छास मिळतेच. पिशवी तोंड बांधून ठेवा, वानरं आहेत. ती अंगावर येत नाहीत, पण उघडी पिशवी दिसली की तिला स्वतःचीच समजतात. प्लास्टिक परत आणा. काठावर चुनऱ्या आणि वेफर्सची पाकिटं पडलेली दिसतील, त्यात आपली भर नको.

आईंना त्या दिवशी बरं वाटत नसेल आणि रोपवेही नको असेल, तर वर जाऊच नका. चांपानेरला वडा तलाव आहे, मोठा, पायथ्याशी, वाट सपाट. काठावर एक जुनी पडकी वास्तू आहे, कबुतरखाना म्हणतात तिला, तिच्या सावलीत चटई टाका. वारा पडला की पाण्यात अख्खा पावागड उलटा दिसतो. येताना वाटेत चांपानेरची जामी मशीद बघून घ्या. हा सगळा परिसर २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे, तरी मधल्या वारी तिथे चारदोन माणसंच असतात.

आणि निघायच्या आदल्या दिवशी रोपवे चालू आहे का एवढी चौकशी करा. देखभालीसाठी तो मधूनमधून काही दिवस बंद ठेवतात. माचीवर पोचल्यावर कळलं तर आईंना गाडीतच बसून राहावं लागेल.