मॅक वेगळा, तरी तिन्ही क्लोनना एकच आयपी: बिघाड टेम्प्लेटमध्ये आहे

तुम्ही लिहिलंय की फोंड्याच्या शाळेतल्या लॅबसाठी प्रॉक्समॉक्सवर (एका संगणकावर अनेक आभासी मशीन्स चालवणारी प्रणाली) उबुंटू सर्व्हर २२.०४ चं टेम्प्लेट, म्हणजे नमुना मशीन केलं, वेब कन्सोलमधून त्याचे तीन क्लोन (प्रती) काढले, तिघांचा मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्क कार्डाचा पत्ता) वेगळा आहे, तरी डीएचसीपीकडून, म्हणजे राउटरच्या आयपी वाटणाऱ्या सेवेकडून, आयपी मात्र एकच मिळतोय. राउटरला हात लावू नका, तो बरोबर वागतोय.

क्लोन करताना प्रॉक्समॉक्स नवा मॅक देतो, पण डिस्कच्या आतलं काहीच बदलत नाही. उबुंटू सर्व्हर डीएचसीपीला आपली ओळख मॅकवरून सांगत नाही, मशीन-आयडीवरून, म्हणजे डिस्कवरच्या फाइलमधल्या ओळख क्रमांकावरून सांगतो. ती आयडी टेम्प्लेटमधून तिघांत जशीच्या तशी उतरली, म्हणून राउटरच्या लेखी ते एकच मशीन.

आधी चालू क्लोन सुधारा. आयपी भांडत असताना एसएसएचवर (नेटवर्कवरून लॉगिन) भरवसा नाही, म्हणून कन्सोल बटणावरूनच आत जा. ईटीसी फोल्डरमधली मशीन-आयडी फाइल ट्रंकेट कमांडने शून्य बाइटची करा आणि रीबूट करा. फाइल डिलीट करू नका. रिकामी दिसली की सिस्टिमडी (उबुंटू सुरू करणारा प्रोग्राम) तिच्यात नवी आयडी भरतो. डीबस या दुसऱ्या सेवेच्या फोल्डरमध्ये त्याच नावाची फाइल असते, ती हिचीच सिम्लिंक (हिच्याकडे बोट दाखवणारी नुसती खूण) आहे ना हे बघा. वेगळी खरी फाइल निघाली, तर जुनीच आयडी परत येईल. एसएसएचच्या होस्ट की (सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या किल्ल्या) सुद्धा तिघांत सारख्याच आहेत. त्या प्रत्येक क्लोनवर नव्याने तयार करा. सुरक्षेसाठी हे टाळू नये.

आता टेम्प्लेट. एकदा टेम्प्लेट झालेलं मशीन सुरू करता येत नाही. त्यामुळे त्यावर राइट क्लिक, क्लोन, मोड ‘फुल’, आणि या नव्या मशीनची साफसफाई करा. सगळे इथेच अडकतात: आयएसओवरून उबुंटू बसवलं की इन्स्टॉलर क्लाउड-इनिटच्या (पहिल्या बूटला युजर, नेटवर्क वगैरे मांडणारा प्रोग्राम) कॉन्फिग फोल्डरमध्ये स्वतःच्या फाइल्स सोडून जातो. एक नेटवर्कची मांडणी बंद करते, दुसरी डेटासोर्स (माहिती कुठून घ्यायची ते) ‘नन’ करून ठेवते. त्या काढल्या नाहीत, तर कन्सोलच्या क्लाउड-इनिट टॅबमध्ये काहीही भरा, आत पोचणार नाही. त्या काढा, क्लाउड-इनिटची क्लीन कमांड चालवा, होस्ट की पुसा, शेवटी मशीन-आयडी रिकामी करा आणि लगेच शटडाउन. ‘एकदा बघून घेऊ’ म्हणून पुन्हा सुरू केलंत, तर आयडी परत भरते आणि मेहनत वाया जाते.

मग हार्डवेअर टॅबमधून क्लाउडइनिट ड्राइव्ह जोडा आणि ‘कन्व्हर्ट टू टेम्प्लेट’ करा. जुनं टेम्प्लेट उडवायच्या आधी त्याचे लिंक्ड क्लोन (पूर्ण प्रत न करता टेम्प्लेटच्याच डिस्कवर चालणारे) शिल्लक नाहीत हे तपासा. असतील तर प्रॉक्समॉक्स उडवू देत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण त्यांची डिस्क त्याच्यावरच उभी असते. मुलांच्या सरावाला लिंक्ड चालतील, पण कायमच्या सर्व्हरला फुलच घ्या. साध्या एलव्हीएम या प्रकारच्या स्टोरेजवर लिंक्ड मिळत नाही. एलव्हीएम-थिन किंवा झेडएफएससारखं स्टोरेज लागतं.

नव्या क्लोनचं युजरनेम, एसएसएच की आणि आयपी पहिल्यांदा सुरू करण्याआधीच भरा. डिस्क वाढवताना रिसाइझच्या चौकटीत एकूण आकार नाही, वाढ लिहायची असते. १० जीबीची ४० करायची तर ३० लिहा. चुकून ४० लिहिलंत तर ५० होते, आणि कन्सोलमधून ती परत लहान करता येत नाही.

क्यूइएमयू गेस्ट एजंट (आतल्या मशीनशी प्रॉक्समॉक्सचा संवाद घडवणारा छोटा प्रोग्राम) टेम्प्लेटमध्येच बसवा आणि ऑप्शन्समध्येही चालू करा. फक्त ऑप्शन्समध्ये चालू ठेवलात तर शटडाउन टाइमआउट होईपर्यंत लटकतं.

पावसात आपल्याकडे वीज किती वेळा जाते ते तुम्हाला माहीत आहेच. ऑप्शन्समध्ये ‘स्टार्ट अ‍ॅट बूट’ लावा, आणि एखादा क्लोन डीएचसीपी किंवा डीएनएस (नावावरून आयपी शोधणारी सेवा) देणार असेल तर त्याचा ऑर्डर १ ठेवून स्टार्टअप डिले ६० सेकंद द्या, म्हणजे बाकीची मशीन्स त्याच्यानंतर मिनिटभराने उठतील आणि त्याला तयार व्हायला वेळ मिळेल.