गीझर तापतो, पण नळाला कोमट पाणी

प्रश्न : आम्ही ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील एका संकुलात राहतो. मोठ्या बाथरूममध्ये २५ लिटरचा साठवणीचा विजेचा गीझर असून त्याचीच गरम पाण्याची लाइन पुढे दुसऱ्या बाथरूमला आणि स्वयंपाकघरातील सिंकला जाते. मोठ्या बाथरूममध्ये बादलीत कढत पाणी येते. मात्र दिवाळीपूर्वी दुसऱ्या बाथरूमची दुरुस्ती करून तेथे नवा मिक्सर (गरम व थंड पाणी मिसळणारा नळ) आणि हँड शॉवर बसवल्यापासून सिंकला कितीही वेळ नळ सोडला तरी कोमटच पाणी मिळते. मेकॅनिकने थर्मोस्टॅट आणि कॉइल दोन्ही बदलले, तरी फरक पडला नाही. आता थर्मोस्टॅट सर्वात वर ठेवला आहे. नवा गीझर घ्यावा का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नवा गीझर मुळीच घेऊ नये. त्याच टाकीतले पाणी एका नळाला कढत येत असेल, तर कॉइल आणि थर्मोस्टॅट आपले काम नीट करीत आहेत. दोष टाकीच्या पुढे, नळांच्या जोडणीत आहे. एवढा विचार सुटे भाग बदलण्यापूर्वीच व्हायला हवा होता.

लाइन लांब आहे म्हणून पाणी निवते, असे आपणास कोणी सांगेल. पाऊण इंची सीपीव्हीसी पाइपच्या दहा मीटर लांबीत जेमतेम अडीच लिटर पाणी मावते. तेवढे थंड पाणी वाहून गेल्यावर गरम पाणी यायलाच हवे. बादलीभर पाणी सोडूनही ते कोमटच राहत असेल, तर गरम लाइनमध्ये वाटेत कोठेतरी थंड पाणी शिरत आहे, असे समजावे.

माझा पहिला संशय नव्या हँड शॉवरवर आहे. पुष्कळ घरांत मिक्सर उघडाच ठेवून पाणी केवळ शॉवरच्या तोंडाजवळील बटणाने बंद केले जाते. अशा वेळी मिक्सरच्या आत गरम आणि थंड लाइन एकमेकींना जोडलेल्या राहतात. सिंकचा गरम नळ उघडला की गरम लाइनमधील दाब उतरतो, आणि थंड पाणी त्या मिक्सरमधून आडवे घुसून सिंककडे धावते. गीझरलगतच्या नळाला मात्र टाकीतले पाणी थेट मिळत असल्याने त्याला फारसा फरक जाणवत नाही. तेव्हा आजच तो मिक्सर मुळाशी पूर्ण बंद करावा आणि सिंकला पाणी पाहावे; कदाचित एक रुपयाही खर्च न होता काम होईल.

तरीही फरक न पडल्यास गीझरचा एमसीबी (वीजपुरवठा तोडणारा स्विच) बंद करून त्याच्या थंड पाण्याच्या इनलेटचा अँगल कॉक फिरवून बंद करावा आणि सिंकचा फक्त गरम नळ उघडावा. टाकीत नवे पाणी येत नसल्याने धार थोड्याच वेळात थांबली पाहिजे. ती सुरूच राहिली, तर ते पाणी थंड लाइनमधून येत आहे हे सिद्ध झाले. मग सिंकखालचा थंड पाण्याचा कॉक बंद करावा. धार थांबली, तर सिंकच्याच मिक्सरमधील कार्ट्रिज (पाणी सोडणारा-थांबवणारा आतला भाग) झिजले आहे. न थांबल्यास दुसऱ्या बाथरूमचा थंड पाण्याचा मुख्य कॉक बंद करून पाहावे. ज्या कॉकने धार थांबेल, त्याच्या पुढचा मिक्सर दोषी. प्लंबरकडून त्याचे कार्ट्रिज बदलून घ्यावे आणि जागा असल्यास त्याच्या दोन्ही जोडण्यांवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारे) बसवून घ्यावेत. तपासणी संपल्यावर इनलेट उघडून, नळातून पाण्याची सलग धार येऊ लागल्यावरच एमसीबी चालू करावा, कारण रिकाम्या टाकीत कॉइल जळते.

थर्मोस्टॅट मात्र आजच खाली आणावा. तो वाढवल्याने सिंकचा प्रश्न सुटत नाही, उलट मोठ्या बाथरूममधील पाणी धोकादायक होते : ६० अंश सेल्सिअसच्या पाण्याने काही सेकंदांतच त्वचा गंभीर भाजू शकते, आणि लहान मुले व वृद्ध यांना हात मागे घ्यायला तेवढाही अवधी मिळत नाही.