८० हजारांत टूरिंग आणि शर्यत दोन्हीला चालणारी कयाक कोणती घ्यावी?

तुमची उंची ५ फूट ८ इंच, वजन ७५ किलो. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला दिवसभर वल्हवायचंय, पुढच्या वर्षी शर्यतीतही उतरायचंय, आणि विचारलंय की या पैशांत कार्बनची हलकी कयाक मिळेल का. त्या ‘हलकी’ शब्दासाठीच हे उत्तर लिहितोय. नाशिकमध्ये पाण्यावर नवीन माणूस आला की कोणीतरी त्याच्या कानात वजनाचं वेड भरतंच, आणि मग त्याचे पैसे नको तिथे खर्च होतात.

आधी शर्यत कोणती ते ठरवा. २००, ५०० आणि १००० मीटरच्या स्प्रिंटला के-१ (एकट्याची, शर्यतीची अरुंद कयाक) लागते: लांबी जास्तीत जास्त ५.२० मीटर, वजन कमीत कमी १२ किलो. पूर्वी ५१ सेंमी रुंदी सक्तीची होती, सिडनी ऑलिंपिकनंतर ती अट गेली आणि नावा ४० सेंमीच्या आसपास आल्या. तिथे टूरिंगची कुठलीही कयाक टिकणार नाही आणि के-१ घेऊन मुक्कामी सहलीला जाता येणार नाही. स्प्रिंटच करायचं असेल तर के-१ क्लबची वापरा, स्वतःचे पैसे त्यात घालू नका. १० ते ३० किमीच्या खुल्या शर्यती आणि टूरिंग मात्र एका नावेत खरंच बसतं.

रोइंगशी गल्लत करू नका. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ ला रिओत सिंगल स्कल्समध्ये उतरला, त्याचा अभिमान आपल्या सगळ्यांनाच आहे. पण त्या नावेत माणूस उलटा बसतो, सीट मागेपुढे सरकतं, वल्ही रिगरमध्ये, म्हणजे नावेबाहेर काढलेल्या आधारात, अडकवलेली असतात. तिकडचे ठोकताळे कयाकला लावून सल्ले देणारे फार आहेत.

आता वजनाचा हिशेब. तुम्ही ७५ किलोचे, नाव २० किलोची, एकूण ९५. नाव २५ किलोची घेतली तर १००. भार पाच टक्के वाढला, पण पाण्याला घासणारा पृष्ठभाग तीन-साडेतीन टक्क्यांच्या वर वाढत नाही. लागणारी ताकद वेगाच्या घनात वाढते, म्हणून तेवढ्याच ताकदीत वेग जेमतेम एक टक्क्याने पडतो. १० किमीला सव्वा तास लागत असेल तर फरक पाऊण मिनिटाचा. त्या पाच किलोंसाठी दुप्पट-तिप्पट किंमत मोजायची आणि नाव मात्र ६५ सेंमी रुंद घ्यायची, हे मला कधीच पटलेलं नाही.

वेग ठरतो पाण्यात बुडालेल्या लांबीवर आणि रुंदीवर. पाण्यातली लांबी ४.२ मीटर असेल तर ताशी सव्वानऊ किमीच्या आसपास नाव स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकायला लागते. लांबी ५ मीटर असेल तर तो आकडा दहावर जातो. पण यावरून ‘जितकी लांब तितकी वेगवान’ असं समजू नका. ताशी ७ किमीने निवांत वल्हवताना जास्त खातं ते पाण्याचं घर्षण, आणि फाजील लांबी तेच वाढवते. तुमच्या अंगाला लांबी ४.८ ते ५.१ मीटर, रुंदी ५४ ते ५६ सेंमी. बसल्यावर पहिल्यांदा डुलेल, डुलू द्या. ‘आधी ७० सेंमीची स्थिर घ्या, मग बदला’ हा दुसरा लाडका सल्ला. त्या रुंदीत वल्हं नावेपासून लांब पडतं, कंबर फिरत नाही, नुसत्या दंडाने ओढायची सवय लागते आणि ती पुढे मोडता मोडत नाही.

वजन जिथे खरंच छळतं ती जागा म्हणजे वल्हं. १० किमीत साधारण साडेपाच हजार फटके होतात. वल्हं २०० ग्रॅमने जड असेल तर अकराशे किलो जास्तीचं उचललं जातं, तेही खांद्याच्या उंचीवर. म्हणून कार्बनसाठी जीव जातच असेल तर वल्हं कार्बनचं घ्या: दोन तुकड्यांचं, २१० ते २२० सेंमी लांबी कमीजास्त होणारं, ९०० ग्रॅमच्या आतलं. बजेटचा पाचवा हिस्सा त्यात गेला तरी चालेल. विंग ब्लेड, म्हणजे शर्यतीचं पंखासारखं वळलेलं पातं, लगेच नको. आधी साध्या ब्लेडवर नाव सरळ न्यायला आणि तोल जाताना सावरणारा आधाराचा फटका मारायला शिका.

नाव वापरलेली, एफआरपीची (फायबरग्लासची) घ्या. रोटोमोल्ड (साचा फिरवून घडवलेलं) प्लास्टिक दगडाला दाद देत नाही हे खरं, पण आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात पट्टे आवळून ठेवलं की तळाला खळगा पडतो आणि नाव पाणी ओढत चालते. शिवाय या प्लास्टिकला, म्हणजे पॉलिएथिलीनला, इपॉक्सी (हार्डनर मिसळून लावायचं रेझिन) नीट चिकटत नाही, चीर गेली तर गरम करूनच सांधावी लागते. एफआरपीचं काम नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कारागिरांकडूनही होतं. फक्त त्यांच्यापाशी उभे राहा. चिरेभोवती पाच सेंमीपर्यंत ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासायचं, आतून विणलेल्या ग्लास कापडाचे दोन थर, वरचा थर खालच्यापेक्षा मोठा. ते टाक्यांना वापरतात ती तुकड्यांची मॅट पॉलिएस्टर रेझिनसाठी असते. तिचे तुकडे धरून ठेवणारा बाइंडर इपॉक्सीत विरघळत नाही, थर कोरडा राहतो आणि नंतर सुटतो. थंडीत इपॉक्सी लवकर सुकावं म्हणून हार्डनर वाढवू देऊ नका, तो जोड कायमचा कच्चा राहतो.

पाहायला जाताना एक बादली आणि फडकं न्या. सीटखालचा तळ अंगठ्याने दाबा. लवचिक, पोकळ लागला तर थर सुटलेत, तिथूनच परत फिरा. जेलकोटवरच्या (बाहेरच्या गुळगुळीत थरावरच्या) कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा चालतात. आतून पांढुरकी दिसणारी चीर चालत नाही. पुढच्या हॅचमध्ये (सामानाच्या झाकणाच्या कप्प्यात) दहा लिटर पाणी ओतून नाव तिरकी करा. पाणी कॉकपिटमध्ये (बसायच्या जागेत) झिरपलं तर बल्कहेड, म्हणजे मधली आडवी भिंत, सुटलंय. ते सीलंटने बसवता येतं, पण त्याचे पैसे आधी कमी करून घ्या. सुकाणूची तार टोकाला उसवलेली आहे का तेही बघा.

एकाच नावेत दोन्ही कामं होतात ती पायांमुळे. टूरिंगच्या नावेत दोन सुटी पेडल असतात, गुडघे डेकखाली फाकलेले. शर्यतीला पाय जवळ हवेत आणि आलटून पालटून रेटा हवा. पेडलच्या दोन रुळांवर १२ मिमी मरीन प्लायची आडवी फळी बसवा, चार बोल्टवर काढता-घालता येईल अशी. सीटवर दोन सेंमी फोम चढवला की वल्ह्याचा कोन सुधारतो, पण तेवढ्यानेही नाव जास्त डुलते. म्हणून मुक्कामाच्या सहलीला फोम काढून ठेवा. कमरेच्या दोन्ही बाजूंना सेंटिमीटरभरच जागा ठेवा.

छपरावर नेताना नाव पालथी, रुंद पट्ट्यांनी बांधा. रॅचेटचे पट्टे वापरू नका, हाताला कळायच्या आत एफआरपी चिरते.

या आकड्यांना अपवाद आहेत. वजन ९० च्या वर असेल तर रुंदी ५८ पर्यंत न्या. उलटल्यावर खोल पाण्यात परत चढता येत नसेल तर आधी ते शिका, तोवर काठापासून लांब जाऊ नका. लाइफ जॅकेट मात्र कधीच काढू नका. उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा बॅकवॉटरच्या लांबीने येतो, तेव्हा सकाळी नऊपर्यंत परता. पावसाळ्यात धरणाखालच्या गोदावरीत कयाक घालूच नका, विसर्ग कधीही वाढतो. गंगापूरचं पाणी शहराच्या नळाला जातं, म्हणून उतरण्याआधी परवानगीचं विचारून घ्या. नांदूर मधमेश्वर पक्ष्यांचं अभयारण्य आहे, तिथे सरावाला जाऊ नका.