गुहागरच्या घरात ५.१ स्पीकर लावायचेत, रिसीव्हर किती वॉटचा घेऊ?

५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि जड सुरांचा एक सबवूफर; रिसीव्हर म्हणजे टीव्हीचा आवाज या सगळ्यांना वाटून ताकद पुरवणारा डबा. तुम्ही दिलेले आकडे असे: स्पीकर ६ ओहमचे (ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा), सेन्सिटिव्हिटी म्हणजे थोड्या ताकदीत किती आवाज निघतो ते ८८ डेसिबल, खोली १२ बाय १४ फूट. दुकानदार म्हणतो १५० वॉटच्या खाली घेऊ नका, मित्र म्हणतो रिसीव्हर सोडा, वेगळा पॉवर अ‍ॅम्प्लिफायरच घ्या. मला दोन्ही पटत नाही. तुम्हाला साधा रिसीव्हर पुरेल, फक्त त्याचे ७०-८० वॉट खरे असायला हवेत. उरलेले पैसे अर्थिंग आणि स्टॅबिलायझरवर घाला. मी दापोली तालुक्यात, समुद्राच्या गाजेच्या टप्प्यात राहतो आणि हे सगळं पैसे मोजून शिकलोय.

८८ डेसिबल म्हणजे साधारण एका वॉटला एक मीटरवर मिळणारा आवाज. तुम्ही बसणार तीन मीटरवर. मोकळ्या मैदानात तेवढ्या अंतराने साडेनऊ डेसिबल गळतात, चार भिंतींच्या आत त्याहून कमी. आता वॉट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. एकाचे दोन, दोनाचे चार असं सहा वेळा केलंत की ६४ वॉट होतात आणि १८ डेसिबल चढतात. म्हणजे बसल्या जागी ९६ च्या वर, तोही एकाच स्पीकरचा. त्या आवाजात शेजारी बसलेल्याशी बोलता येत नाही. आणि ८० ऐवजी १५० वॉट घेतलेत तर पदरात पडतात जेमतेम पावणेतीन डेसिबल.

खोक्यावरच्या मोठ्या आकड्याखालची बारीक अक्षरं मात्र दुकानातच वाचा. ‘६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के डिस्टॉर्शन, एक चॅनल’ असं असेल तर तो आकडा सोडून द्या, कारण तो एकाच सुरावर, एकच स्पीकर वाजवून आणि आवाज बराच विकृत (डिस्टॉर्शन) होऊ देऊन काढलेला असतो. ‘८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ०.०८ टक्के, दोन चॅनल’ अशी ओळ शोधा. तिथे ८० लिहिलं असेल तर तो माल तुमच्या कामाचा. कमी ताकदीचा अ‍ॅम्प्लिफायर पिळून वाजवला की आवाजाच्या लहरींचे शेंडे छाटले जातात आणि ट्वीटरची, म्हणजे बारीक सुरांच्या छोट्या स्पीकरची, कॉइल जळते. स्पीकर जास्त वॉटने जातात तसे असेही जातात. रिसीव्हरच्या पाठीवर स्पीकर टर्मिनलपाशी ६ ओहम चालतील असं छापलेलं आहे ना, तेही बघा. ओहम कमी तेवढा अ‍ॅम्प्लिफायरवर भार जास्त; स्पीकर ४ ओहमचे असते तर तुमच्या मित्राचं म्हणणं मी मानलं असतं.

सबवूफरमध्ये स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असतोच. सेटिंगमध्ये बाकीचे पाचही ‘स्मॉल’ करा, क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचे सूर सबवूफरकडे वळतात ती सीमा, ८० हर्ट्झवर ठेवा. खालचे जड सूर सबवूफरकडे गेले की रिसीव्हरचा बराच भार उतरतो. टीव्हीला ईएआरसी (एचडीएमआय वायरीतूनच टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे पाठवायची सोय) असेल तर रिसीव्हरलाही असू द्या. प्री-आउट नावाची जोडणी असलेलं मॉडेल परवडलं तर उत्तम, तिच्यातून पुढे कधी वेगळा अ‍ॅम्प्लिफायर जोडता येतो.

आता आपल्याकडचं. माझा पुढचा डावा स्पीकर दुसऱ्याच पावसाळ्यात मधूनमधून बंद पडायला लागला. रिसीव्हर गेला असं धरून मी तो गाडीत घालून चिपळूणला नेला. तिथल्या मेकॅनिकने तो वाजवून दाखवला, काही झालेलं नव्हतं. घरी येऊन वायर उपसली तर टोकाचं तांबं हिरवं पडलेलं, चिमटीत धरल्यावर भुगा सुटत होता. खारी हवा. दोन इंच वायर कापली, नवीन टोक सोललं, आवाज परत आला. तेव्हापासून दर वर्षी गणपतीच्या आधी सगळी टोकं तपासतो. वायर शुद्ध तांब्याची घ्या, दीड चौरस मिलिमीटरची पुरते. स्वस्तातली तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर असते, ती इथे टिकत नाही.

मे महिन्यात संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज १७०-१८० वर येतं, म्हणून स्टॅबिलायझर. इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर तो साइन वेव्हचाच हवा, स्क्वेअर वेव्हवर घरघर येते. आणि मृगाच्या आधी वळवाचे ढग गडगडायला लागले की नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग काढा, आणि डिशची वायरही सेटटॉप बॉक्समधून सोडवा. विजेचा झटका त्या वायरीतून शिरून एचडीएमआयमार्गे रिसीव्हरपर्यंत पोचतो. माझ्या पहिल्या रिसीव्हरचा एचडीएमआय बोर्ड असाच गेला, प्लग काढलेला असताना.

रिसीव्हर शोकेसच्या बंद कप्प्यात कोंडू नका, वर वीतभर जागा सोडा. मागून जाळी लावावीशी वाटेल, कारण पाली आणि मुंग्या उबेला आत जातात. पण जाळी रिसीव्हरला चिकटवू नका, कप्प्याच्या मागच्या बाजूला लावा, म्हणजे हवा खेळती राहते. पावसाळ्यात कुणी काही बघत नसलं तरी रोज अर्धा तास चालू ठेवा. आतली ऊब बोर्डवरची ओल सुकवते. आमच्याकडे सकाळच्या रेडिओचा आवाज म्हणूनच याच स्पीकरमधून येतो.