रिटरक्रॉइत्समध्ये 9,000 युरो गुंतवावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: स्टुटगार्टमध्ये नोकरी, महिन्याचा घरखर्च 3,600 युरो, बँकेत 22,000 युरो, चार वर्षांनी पुण्याला परतायचा विचार. एक विक्रेता दुसऱ्या महायुद्धातला रिटरक्रॉइत्स, म्हणजे आयर्न क्रॉस या जर्मन लष्करी पदकाचा गळ्यात घालायचा वरचा वर्ग, 9,000 युरोंना देतो आहे. सोबत कागद नाही, फक्त ‘सैनिकाच्या कुटुंबाकडून आला’ एवढी तोंडी हकीकत. परतताना तो विकून चांगली रक्कम उभी राहील, असा तुमचा हिशेब आहे.

माझं उत्तर: हा क्रॉस घेऊ नका. तो खोटाच आहे असं मी म्हणत नाही; खरा निघाला तरी हा हिशेब बसत नाही.

आधी घरचं गणित. सहा महिन्यांचा खर्च 21,600 युरो होतो. म्हणजे तुमची सगळी शिल्लक हाच तुमचा आपत्कालीन निधी आहे. 9,000 काढले की 13,000 उरतात, जेमतेम साडेतीन महिने. परदेशात नोकरी गेली की पगारासोबत व्हिसाचाही प्रश्न उभा राहतो, आणि अशा वेळी पदक आठवड्याभरात विकलं जात नाही.

आता विक्रीचं गणित. समजा, लिलावगृह विकणाऱ्याकडून 15 टक्के आणि घेणाऱ्याकडून 25 टक्के घेतं. तुमचे 9,000 हातात परत यायला बोली 10,588 वर जायला हवी, आणि घेणाऱ्याला 13,235 मोजावे लागतील. म्हणजे नफा सोडाच, मुद्दल सुटायलाही बाजार 47 टक्के चढायला हवा. वर्षभरानंतर विकलं तर जर्मनीत अशा खासगी विक्रीच्या नफ्यावर कर नाही हे खरं, पण आधी नफा व्हायला हवा ना! पुण्यात नेऊन विकायचं म्हणाल, तर तिथे या वस्तूला ग्राहक शोधणंच कठीण.

अस्सलपणाच्या चाचण्या तुम्ही वाचल्या आहेत, त्या बरोबर आहेत. मूळ तुकडा साधारण 48 मिमीचा. मधला गाभा बहुतेकदा लोखंडी, त्यावर काळा रंग, त्याला धरणारी चांदीची चौकट दोन अर्ध्या भागांची, डाक देऊन जोडलेली. लोखंडी गाभ्याला चुंबक लागतो, चौकटीला लागत नाही. दहापट भिंगाखाली चौकटीच्या आतल्या कडेचे मणी एकेक सुटे आणि रेखीव दिसतात. ओतीव नकलेत ते गोलसर होऊन एकमेकांत मिसळतात, मध्ये बारीक खड्डे दिसतात. खरा गंज रंगाच्या खालून येतो आणि रंग उचलतो. लावलेला गंज रंगावर बसलेला असतो. चांदीवरचा 800 चा शिक्का (म्हणजे हजारात 800 भाग चांदी) खरा आहे का, हे तपासायला सोनाराकडचं क्ष-किरण यंत्र वापरा. ॲसिड नको, डाग पडतो आणि किंमतही पडते. फीत अतिनील दिव्याखाली धरा: निळसर-पांढरी चमकली तर धागा बहुधा युद्धानंतरचा, कारण ती चमक देणारी रसायनं कापडात नंतर सर्रास आली. मात्र हल्लीच्या पावडरने धुतलेली जुनी फीतही चमकते, आणि जुन्या क्रॉसला नवी फीत लावलेली असू शकते, तेव्हा एवढ्यावर निकाल देऊ नका.

खरी अडचण पुढे आहे. या सगळ्या चाचण्या नक्कल पकडतात, अस्सल असल्याचं सिद्ध करत नाहीत. चांगल्या नकलेतही लोखंडी गाभा, खरी चांदी आणि 800 चा शिक्का असतो. त्याहून बिकट म्हणजे युद्धकाळातल्याच ठशांवर युद्धानंतर काढलेले क्रॉस. तिथे जाणकार ठशाला गेलेला तडा, मण्यांमधला दोष असल्या खुणांवरून काळ ठरवतात, आणि त्यांच्यातही मतभेद होतात. म्हणजे तुम्ही मोजता ते पैसे धातूचे नाहीत, जाणकारांच्या मताचे आहेत. ते मत कागदावर नसेल, तर विकताना पुढचा माणूस तुमच्याही तोंडी हकीकतीला किंमत देणार नाही.

कायदाही लक्षात घ्या. 1939 च्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या, क्रॉसवर नाझी चिन्ह आहे. जर्मनीत तो खासगीत बाळगणं गुन्हा नाही, पण दंडसंहितेच्या कलम 86अ नुसार ते चिन्ह सार्वजनिकरीत्या दाखवणं गुन्हा आहे. इतिहास, संशोधन, शिक्षण अशा कारणांना सूट आहे. हौसेने फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका. मोठी ऑनलाइन विक्री-स्थळंही अशा वस्तू नाकारतात, त्यामुळे ग्राहक आणखी कमी होतात. 1957 च्या कायद्याने माजी सैनिकांना वापरायला दिलेल्या क्रॉसवर त्या चिन्हाच्या जागी ओकची पानं आहेत; तो युद्धकाळातला म्हणून कोणी विकत असेल तर लगेच ओळखता येतो.

तरीही विषयाची ओढ असेल, तर ती गुंतवणूक न समजता छंदाच्या खर्चात बसवा. वर्षाला 300 युरोंची मर्यादा घाला. तेवढ्यात आयर्न क्रॉसचा दुसरा वर्ग बघता येईल. तो लाखोंनी दिला गेला, म्हणून रिटरक्रॉइत्सच्या मानाने फारच स्वस्त मिळतो. शक्यतो प्रदान-पत्रासह घ्या: नाव, हुद्दा, तुकडी, तारीख, शिक्का. ते नाव बुंडेसआर्खिवकडे, म्हणजे जर्मनीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे, विचारता येतं, 2019 पासून सैनिकांच्या जुन्या नोंदी त्यांच्याकडे आहेत; उत्तराला महिने लागू शकतात, तेव्हा विक्रेत्याच्या घाईत सापडू नका. कागदही अतिनील दिव्याखाली बघा, तो झगझगीत चमकला तर सोडून द्या.

पावतीवर ‘1945 पूर्वी बनवलेला, अस्सल’ असं लिहून घ्या. खासगी विक्रेता ‘हमी नाही, परत घेणार नाही’ म्हणतो, पण वस्तू कशी आहे हे लेखी ठरलं असेल तर त्या एका वाक्यामागे त्याला सहज लपता येत नाही. व्यापाऱ्याकडून ऑनलाइन घेतलंत तर साधारणपणे 14 दिवसांत परत करता येतं. तपासणी त्याच मुदतीत करा, आणि ती विक्रेत्याने सुचवलेल्या माणसाकडून नको. 9,000 युरोंवाल्या विक्रेत्याकडेही पावतीवर हेच लिहून मागून बघा, तो काय म्हणतो ते कळेल.