मानसशास्त्र शिकून फुटबॉलमध्ये पोट भरेल का?

प्रश्न : माझा मुलगा कोल्हापुरात बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय मानसशास्त्र. तालमीच्या संघात गोलकीपर आहे आणि संध्याकाळी पेठेतल्या लहान पोरांची प्रॅक्टिस घेतो. आता म्हणतो, फुटबॉल टीमचा मानसशास्त्रज्ञ होणार. हाफ टाइमला चार शब्द सुनवायला पदवी कशाला लागते? क्लिनिकलला, म्हणजे मानसिक आजारांवर उपचार करायच्या शाखेला, जा म्हटलं तर ऐकत नाही. काय करावं?

उत्तर : पोटाचं आधी बोलू. फुटबॉल टीमचा पूर्णवेळ मानसशास्त्रज्ञ अशा जागा आपल्याकडे फारच थोड्या आहेत. त्या एका नोकरीवर सगळी भिस्त नको, इथवर मी तुमच्या बाजूने आहे. हाफ टाइमच्या भाषणाबद्दल मात्र नाही. कोचचं मानसशास्त्र कामाला येतं ते रोजच्या प्रॅक्टिसला.

इंग्लंडचंच बघा. १९९० ते २०१२ या काळात वर्ल्ड कप आणि युरो (युरोपातल्या देशांची स्पर्धा) मिळून सात पेनल्टी शूटआउटपैकी, म्हणजे बरोबरी सुटली नाही की दोन्ही टीम आळीपाळीने पेनल्टी किक मारतात त्यापैकी, सहा ते हरले. १९९६ मध्ये जर्मनीविरुद्ध किक वाया घालवणारा गॅरेथ साउथगेट पुढे त्याच टीमचा कोच झाला, आणि २०१७ मध्ये तिथल्या फुटबॉल असोसिएशनने पिपा ग्रेंज या मानसशास्त्रज्ञ बाईंना आणलं. नॉर्वेचे संशोधक गायर यॉर्डेट यांनी शूटआउटच्या चित्रफिती तपासून दाखवलं होतं की इंग्लंडचे खेळाडू शिट्टी वाजल्या वाजल्या किक मारून मोकळे होतात. दडपण सहन होत नाही, म्हणून घाई. मग सरावातच थांबायची, श्वास घ्यायची सवय लावली. ३ जुलै २०१८ ला कोलंबियाविरुद्ध इंग्लंडने वर्ल्ड कपमधलं पहिलं शूटआउट जिंकलं. २०२१ मध्ये युरोची फायनल इटलीविरुद्ध शूटआउटमध्येच गेली, त्यामुळे हा काही हमखास गुण येणारा मंत्र नाही. पण त्यांनी सोडलं नाही. २०२४ च्या युरोत किक मारून परतणाऱ्या प्रत्येकाला सामोरा जायला एकेक जोडीदार आधीच ठरलेला होता. स्वित्झर्लंडविरुद्ध पाचही किक आत गेल्या.

तुमचा मुलगा कीपर आहे, तर त्याला आवडेल असं एक. इस्रायलचे मायकेल बार-एली आणि सहकाऱ्यांनी २८६ पेनल्टी तपासल्या. जवळपास २९ टक्के बॉल मधोमध आले, पण कीपर मध्ये उभे राहिले ते जेमतेम ६ टक्के वेळा. कारण उभ्या उभ्या गोल खाल्ला की लोक म्हणतात, हललासुद्धा नाही! शाहू स्टेडियमवर पेठेच्या मॅचला बसला असाल तर गॅलरीतून कीपरला काय काय ऐकावं लागतं हे मी सांगायला नको.

आणि संध्याकाळची ती लहान पोरं? खरा अभ्यास तिथे आहे. अमेरिकेत स्मिथ आणि स्मॉल या मानसशास्त्रज्ञांनी बेसबॉलच्या कोचना एवढंच शिकवलं : चांगल्या खेळाला दाद द्या, चुकल्यावर आधी धीर द्या, मग दुरुस्ती सांगा. पुढच्या मोसमात अशा कोचच्या हाताखालची ५ टक्के मुलं खेळ सोडून गेली, बाकीच्या कोचची २६ टक्के. बॉल पायाखालून गेलेल्या पोराला ‘डोळे फुटले काय रे’ म्हणायचं की ‘असू दे, बॉलच्या मागे ये, परत घे’, एवढाच फरक. सांगायला सोपा. भर मॅचमध्ये तोंडाला आवर घालणं सोपं नसतं.

म्हणून माझा सल्ला : आधी कोच, सोबत मानसशास्त्र. ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशनचं कोचिंगचं डी लायसन्स त्याने आता करावं, मग त्याच्या वरचं सी. एमए मानसशास्त्रात करू दे. खेळाच्याच मानसशास्त्रात करायचं असेल तर इम्फाळच्या राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठात तो अभ्यासक्रम आहे. सीबीएसई शाळांना समुपदेशक ठेवावा लागतो, आणि शाळेला समुपदेशकही मिळतो, फुटबॉल कोचही, असा उमेदवार रोज येत नाही. सुरुवातीची भाकरी मला तिथे दिसते. परदेशाचं डोक्यात असेल तर घाई नको. ब्रिटनमध्ये ‘स्पोर्ट अँड एक्सरसाइज सायकॉलॉजिस्ट’ म्हणवून घ्यायला कायद्याने नोंदणी लागते आणि नुसत्या एमएस्सीवर ती होत नाही. आपली बीए तिथे चालते का, हे शैक्षणिक कर्जाच्या अर्जाआधी विचारा.

क्लिनिकलचा रस्ता वाईट नाही, वेगळा आहे. तिथे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. ती नसेल तर नैराश्यात गेलेल्या, झोप उडालेल्या खेळाडूवर आपण उपचार करायचे नाहीत, तज्ज्ञाकडे पाठवायचं. ही रेघ मुलाला आजच दाखवून ठेवा, कारण मोजके दिवस कोर्स करून ‘माइंड कोच’ची पाटी लावणारे आता बरेच झालेत.

डी लायसन्सच्या कोर्सच्या तारखा वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनकडे मिळतील. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेशी गाठ पडत नाही ना, तेवढं बघून त्याला फॉर्म भरू द्या.